चष्म्याचा नंबर लेसरने घालवायचाय, एक डॉक्टर हो म्हणतात आणि दुसरे नाही

मीठभाकर
नमस्कार मंडळी. मी २६ वर्षांची, मूळची नाशिकची, सध्या पुण्यात नोकरी, दिवसाचे नऊ-दहा तास स्क्रीनसमोर. चष्मा चौथीपासून. उजव्या डोळ्याचा नंबर -५.७५, डाव्याचा -६ आणि त्यावर सिलिंड्रिकल (एकाच दिशेला लागणारा जादा नंबर) -१. दोन वर्षं झाली नंबर हललेला नाही. सकाळी उठल्यावर उशाशी चाचपत चष्मा शोधणं, पावसात स्कूटीवर हेल्मेटच्या काचेवर पाणी आणि चष्म्यावर वाफ, ट्रेकला चष्मा दोरीने बांधून जाणं, ज्यांना आहे त्यांना वेगळं सांगायला नको. पैसे साठवले आणि गेल्या महिन्यात लेसरसाठी तपासायला गेले.

पहिल्या ठिकाणी वीस मिनिटांत झालं. एका मशीनवर हनुवटी टेकवली, फोटो काढले, काउन्सेलर बाई म्हणाल्या तुम्ही एकदम योग्य आहात, दसऱ्याच्या आत केलंत तर पंचवीस टक्के कमी, आज पाच हजार भरून तारीख धरून ठेवा. कॉन्टॅक्ट लेन्स मी त्याच दिवशी सकाळी काढली होती, ते कुणी विचारलंसुद्धा नाही. डॉक्टर भेटले ते दोन मिनिटं.

मैत्रीण म्हणाली अजून एका ठिकाणी दाखव. तिथे आधी लेन्स दोन आठवडे बंद करायला लावली, मग अख्खी सकाळ तपासणी. बुबुळावरच्या काचेची जाडी मोजली, तिच्या चढउताराचा नकाशा काढला, डोळ्यातला ओलावा मोजायला पापणीत कागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटं बसवलं, थेंब घालून बाहुली मोठी करून डोळ्याच्या आतला मागचा पडदा बघितला. आणि शेवटी डॉक्टर म्हणाल्या, "सध्या नको. जाडी ४८८ मायक्रॉन आहे, ती एक गोष्ट, पण डाव्या डोळ्याच्या नकाशात खालचा भाग मला आवडलेला नाही. डोळे चोळतेस का?" हो म्हटलं, मला धुळीची ॲलर्जी आहे, लहानपणापासून चोळते. तर म्हणाल्या सहा महिन्यांनी परत नकाशा काढू, तोवर चोळणं पूर्ण बंद.

खाली येऊन रिक्षात बसले आणि रडूच आलं. घरी आई म्हणते पहिल्यांकडेच कर, दुसऱ्यांकडचं मशीन जुनं असेल. धाकटा भाऊ १९ चा, त्यालाही चष्मा आहे, त्याचा तर दर सहा महिन्यांनी नंबर बदलतो, तो म्हणतो ताई तू आधी कर मग मी करतो. म्हणून विचारते, लेसरसाठी नक्की कोण योग्य असतं? हे ठरतं कशावर?

डोंगरवाट
दसऱ्याच्या आत पंचवीस टक्के कमी? डोळा आहे तो, पैठणी नव्हे. पाच हजार भरले नसतील तर भरू नका.

लिंबूसरबत
मी २०१६ ला केलं, नंबर -४ होता दोन्हीकडे, वय तेव्हा २८. आजवर एकदाही पस्तावले नाहीये, त्यामुळे घाबरवायला आलेली नाही :) फक्त काय होतं ते सांगते, कारण मला आधी कुणीच सांगितलं नव्हतं.

टेबलावर आडवं केलं, डोळ्यात बधिर करायचे थेंब, पापण्या उघड्या राहाव्या म्हणून एक चिमटा. मग डोळ्यावर एक कडी दाबून बसवतात, तेव्हा काही सेकंद सगळं काळं होतं, दुखत नाही पण दाब जाणवतो आणि मला तेवढ्यात देव आठवले. मग वरचा लुकलुकता दिवा बघत राहायचं, डॉक्टर मोठ्याने आकडे मोजत होते, टकटक आवाज आणि केस जळल्यासारखा वास. दोन्ही डोळे मिळून पंधरा-वीस मिनिटं. बाहेर आल्यावर चार तास डोळ्यांतून नुसती धार, कांदा चिरल्यासारखी. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली आणि समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा दिसला. तो क्षण मी जन्मात विसरणार नाही.

पण माझी पण तपासणी दोन दिवस चालली होती. जाडी ५५५ होती. वीस मिनिटांत हो म्हणणाऱ्याकडे मी गेले नसते.

भिंगरी_ऑप्टोम
मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, चौदा वर्षं याच तपासण्या करते. ऑपरेशन करत नाही, त्यामुळे शेवटचा शब्द तुमच्या सर्जनचा, पण तुमचे आकडे वाचल्यावर गप्प बसवेना. लांब लिहिणार आहे, सांभाळून घ्या.

आधी लेसर करतं काय ते. काळ्या बुबुळाच्या पुढे एक पारदर्शक काच असते, कॉर्निया. मायनस नंबरवाल्यांचा डोळा पुढून मागे जरा लांब असतो, म्हणून प्रतिमा पडद्याच्या अलीकडे पडते. लेसर डोळा आखूड करत नाही. तो ही पुढची काच मधोमध घासून थोडी चपटी करतो. म्हणजे प्रत्येक नंबरमागे काच पातळ होते. काच मुळात केवढी? मधोमध साधारण ५४० मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जास्त.

आता तुमचा डावा डोळा घ्या. -६ आणि -१ मिळून एका दिशेला -७. साडेसहा मिलिमीटरचा भाग घासायचा तर एका नंबरला अंदाजे १४ मायक्रॉन जातात, म्हणजे ९८. लॅसिक या नेहमीच्या लेसर पद्धतीत आधी वरचा पापुद्रा कापून उचलतात, तो ११० धरा. ४८८ मधून हे दोन्ही वजा केले की खाली उरतात २८०. पुस्तकी किमान मर्यादा २५० आहे, बरेच सर्जन ३०० धरतात. पहिल्या ठिकाणी बहुतेक एवढंच गणित केलं असेल आणि बसतंय म्हणून हो म्हटलं असेल. पण दुसरं एक गणित आहे, पापुद्रा अधिक घासलेला भाग मिळून मूळ जाडीच्या किती टक्के. तुमचं २०८ भागिले ४८८, बेचाळीस टक्क्यांच्या वर. चाळीसच्या वर गेलं की काच नंतर कमकुवत होऊन फुगण्याचा धोका वाढतो.

आणि तरीही जाडी हा मुख्य मुद्दा नाहीये! ४९० जाडी आणि -२ नंबर असलेल्यांचं व्यवस्थित झालेलं मी पाहिलंय. मुख्य मुद्दा तो नकाशा. खालचा भाग वरच्यापेक्षा जास्त उभट असेल तर केराटोकोनसची सुरुवात असू शकते. त्यात काच हळूहळू शंकूसारखी पुढे येते. अशा डोळ्यावर लेसर मारला तर आधीच कच्ची असलेली भिंत आपणच पोखरल्यासारखं. सिलिंड्रिकल वाढत जातो, मग चष्म्यानेही नीट दिसत नाही. म्हणून तुमच्या दुसऱ्या डॉक्टरांचं मशीन जुनं नाही, त्यांची नजर चांगली आहे.

एक विनंती. तुमच्या भावाचा नंबर दर सहा महिन्यांनी बदलतोय असं लिहिलंय, त्यात सिलिंड्रिकल वाढतोय का? तोही डोळे चोळतो का? त्याचाही नकाशा काढून घ्या. लेसरसाठी नाही, नुसता बघायला.

मीठभाकर
ताई, किती मनापासून लिहिलंत. भावाचा सिलिंडर गेल्या वर्षी दीड होता आता अडीच आहे, घरी फोन करून विचारलं. आणि तो तर माझ्यापेक्षा जास्त चोळतो, मुठीने. घेऊन जाते त्याला.

पिंपळपान
लेन्स दोन आठवडे बंद का करायला लावतात ते कुणी सांगेल का? मला एका ठिकाणी तीन दिवस सांगितलं.

भिंगरी_ऑप्टोम
लेन्स काचेवर बसून बसून तिचा आकार थोडा दाबते. लगेच नकाशा काढला तर तो त्या दाबलेल्या काचेचा येतो, खऱ्या काचेचा नाही. मऊ लेन्सला एक-दोन आठवडे, कडक लेन्स असेल तर तीन-चार आठवडे. मीठभाकर, तुमचा पहिल्या ठिकाणचा नकाशा याच कारणाने धरू नका.

वाळवंटातला_कोकणी
मी मस्कतला असतो, मूळ गाव राजापूर. चार वर्षांपूर्वी केलं, नंबर गेला पण डोळे कोरडे पडले ते पडलेच. ऑपरेशनच्या आधी ती कागदाची पट्टी माझ्या डोळ्यात कुणी घातलीच नाही. मला आधीपासून एसीत डोळे चुरचुरायचे, मी समजायचो जागरणाने. पापुद्रा कापताना काचेवरच्या बारीक नसा कापल्या जातात म्हणे, त्यामुळे डोळ्याला आपण कोरडं झालोय हे कळतच नाही आणि पाणी सुटत नाही. बहुतेकांचं सहा महिने वर्षात सुधारतं, माझं वर्षभर तासातासाला थेंब चालू होते. सकाळी उठलो की पापणी बुबुळाला चिकटलेली, हळूच सोडवायची, घाईने उघडली की टाचणी टोचल्यासारखं. आता बरंच बरं आहे पण थेंबाची बाटली खिशात असतेच.

रात्री समोरून गाडी आली की दिव्याभोवती वलय दिसतं. गावी आलो की रात्रीचा मुंबई-गोवा हायवे मी चालवत नाही, भाऊ चालवतो. ज्यांना आधीपासून डोळे कोरडे आहेत आणि ज्यांची बाहुली अंधारात खूप मोठी होते त्यांनी हे दोन प्रश्न आधी विचारा. चष्मा गेल्याचा आनंद आहे, खोटं बोलणार नाही, पण मला विचारून मग करायला हवं होतं.

लिंबूसरबत
कोकणी दादा, कोरडेपणाचं बरोबर आहे. मला पण चार-पाच महिने थेंब लागले. मी वर तेवढं लिहायचं राहिलं.

नर्मदा_काकू
मी जरा वेगळं विचारते, रागावू नका कुणी. माझ्या मुलीचं लग्नाचं बघतोय. वय २३, नंबर -८. दोन ठिकाणांहून चष्म्यामुळे नकार आला, तोंडावर नाही सांगितलं पण मध्यस्थांकडून कळलं. मुलगी म्हणते आई लेसर करून टाकू. तिला भीती वाटते ती वाटते, पण आमच्याकडे मे महिन्यात मुहूर्त आहेत. एवढ्या नंबरला होतं का?

डोंगरवाट
काकू, रागावत नाही, पण मुहूर्तासाठी डोळ्यावर लेसर? ज्यांना चष्मा चालत नाही त्यांना उद्या मुलीचं आजारपण तरी चालेल का?

सातूचं_पीठ
डोंगरवाट, हे बोलायला सोपं आहे हो. मी स्वतः त्यातून गेलेय. बघायला आलेल्या बाईंनी माझा चष्मा हातात घेऊन भिंगाची जाडी बोटाने मोजली होती, माझ्यासमोर. तेव्हा मला पण वाटलं होतं की उद्याच्या उद्या काढून टाकावं. काकूंना टोमणे मारून काय होणार, त्या मुलीच्या बाजूनेच बोलतायत.

पण काकू, मी तेव्हा नाही केलं आणि आज बरं वाटतं की त्या घाईत नाही केलं. नंतर ३० व्या वर्षी केलं, माझ्या स्वतःसाठी, पोहायला शिकायचं होतं म्हणून. तिला स्वतःला हवंय का एवढं एकदा एकटीला बसवून विचारा.

डोंगरवाट
सातूचं पीठ, बरोबर आहे तुमचं. काकू, शब्द कडक गेला, माफ करा.

भिंगरी_ऑप्टोम
काकू, -८ ला जाडी चांगली असेल तर होऊ शकतं, पण त्या नंबरला बरेच सर्जन लेसरऐवजी आयसीएल सुचवतात. डोळ्याच्या आत, आपल्या नैसर्गिक भिंगाच्या पुढे एक पातळ लेन्स बसवतात. काच घासत नाहीत आणि गरज पडली तर ती काढताही येते. पण त्याला डोळ्यात पुढे पुरेशी जागा लागते, आणि ते डोळ्याच्या आतलं ऑपरेशन आहे, म्हणजे जंतुसंसर्गाची जोखीम वेगळ्या प्रकारची.

त्याआधी पडदा बघून घ्या, अगदी आधी. जास्त मायनस नंबरवाल्यांचा पडदा कडेला ताणून विरलेला असू शकतो, कधी बारीक भोकंही असतात. लेसरने नंबर शून्य झाला तरी डोळ्याची लांबी तीच राहते, त्यामुळे पडदा सरकायचा धोका -८ वाल्याचाच राहतो. चष्मा गेला की लोकांना वाटतं डोळा आता बाकीच्यांसारखा झाला, आणि पडदा दाखवणं बंद करतात.

आणि विम्याचं. आपल्याकडच्या आरोग्य विम्यात ७.५ डायॉप्टरपेक्षा कमी नंबरच्या दुरुस्तीचा खर्च वगळलेला असतो. -८ असेल तर कंपनीला विचारून बघा, पॉलिसी किती जुनी आहे त्यावरही असतं.

पिंपळपान
पडद्याचं खरंय. माझं लॅसिकच्या तपासणीतच निघालं, उजव्या डोळ्यात कडेला दोन भोकं. मला काहीच त्रास नव्हता. आधी पडद्याचं लेसर केलं, भोकाभोवती डाग देऊन पडदा चिकटवतात, मग महिन्याने नंबरचं. घरी सगळ्यांचा गोंधळ, हिने दोनदा लेसर का केलं, पहिल्यांदा फसलं का. आमची आजी तर म्हणते माझं पण लेसरनेच झालंय, तिचं मोतीबिंदूचं, ते ध्वनिलहरींच्या मशीनने होतं. लेसर हा शब्द आपण डोळ्याच्या दवाखान्यातल्या कुठल्याही मशीनला लावतो.

जुना_रेडिओ
लिंबूसरबत यांनी जळका वास लिहिलाय त्यावरून थोडं विषयांतर. हा एक्सायमर लेसर शरीरावर चालवून बघणाऱ्यांत आपल्या मद्रासचे एक शास्त्रज्ञ होते, रंगास्वामी श्रीनिवासन. न्यूयॉर्कला आयबीएममध्ये प्लास्टिकवर या लेसरने बारीक कोरीवकाम करायचे. १९८१ च्या नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंग या अमेरिकन सणाच्या दुसऱ्या दिवशी, २७ तारखेला, घरी उरलेली टर्की घेऊन ते लॅबमध्ये आले आणि तिच्यावर लेसर मारला. कापलेली कड स्वच्छ, भाजल्याची खूण नाही. १९३ नॅनोमीटरचा अतिनील किरण रेणूंचे बंध तोडतो, बाजूचं मांस शिजवत नाही. ब्लम आणि विन हे दोन सहकारी बरोबर होते. पुढे डोळ्याचे डॉक्टर ट्रोकेल यांच्या ध्यानात आलं की हे कॉर्नियासाठी आहे. २०१३ साली श्रीनिवासन यांना राष्ट्राध्यक्ष ओबामांच्या हस्ते पदक मिळालं. तर वास येतो तो उडालेल्या कणांचा, डोळा भाजत नसतो.

लिंबूसरबत
आठ वर्षं मला वाटत होतं माझी पापणी जळली. धन्यवाद दादा!

खडूफळा
मुलगा बारावीला आहे, एनडीए म्हणतोय. नंबर -२. लेसर करून पाठवलं तर चालतं का? क्लासवाले म्हणतात चालतं.

तिसरी_घंटा
खडूफळा, क्लासवाल्यांच्या भरवशावर डोळ्याला हात लावू नका. सैन्यदलांच्या ज्या प्रवेशांना लेसर चालतं, तिथेही ते वयाची २० वर्षं पूर्ण झाल्यावर केलेलं हवं आणि तपासणीच्या आधी १२ महिने झालेले हवेत, शिवाय डोळ्याची लांबी, उरलेली जाडी, पडदा हे सगळं मोजतात. एनडीएला जाणारी पोरं २० च्या आतलीच, म्हणजे तो रस्ता तिथेच संपला. पदवीनंतरच्या काही शाखांना चालतं, पण प्रत्येक शाखेचे निकष वेगळे, त्या वर्षीची जाहिरात घेऊन बसा. माझ्या पुतण्याने १८ व्या वर्षी घाईने केलं आणि त्यामुळे पुढे तोही मार्ग गेला. पोरगा आठ दिवस जेवला नव्हता.

भिंगरी_ऑप्टोम
आणि १८ ही फक्त खालची मर्यादा आहे. पुष्कळांचा नंबर २१-२२ पर्यंत वाढत असतो. वर्षभरात अर्ध्या नंबरपेक्षा जास्त हलला असेल तर थांबतात.

मल्लखांब
माझा प्रश्न खेळणाऱ्यांसाठी. मी कबड्डी खेळतो, सांगली. डॉक्टरांनी लॅसिक नको सांगितलं कारण तो पापुद्रा कायमचा पूर्वीसारखा घट्ट बसत नाही, कोपर बसलं तर सरकू शकतो. माझं पीआरके केलं. त्यात पापुद्रा कापत नाहीत, वरची पातळ साल काढून थेट लेसर, साल परत उगवते. पण मित्रांनो, पहिले तीन दिवस! डोळ्यात तिखट गेल्यासारखं. खोलीला चादरी लावून अंधार करून बसलो होतो, मोबाईलचा उजेड पण सहन होईना. नजर पूर्ण स्वच्छ व्हायला दोन महिने गेले. पण सीझन खेळलो, डोळ्यावर दोनदा मार बसला, काही झालं नाही.

पिंपळपान
मला स्माईल नावाची पद्धत सांगितली होती, बारीक छेदातून आतला चकतीसारखा तुकडा काढतात, पापुद्रा नाही. मग मीठभाकर यांना ते चालेल का?

भिंगरी_ऑप्टोम
नाही. तुकडा काचेतूनच जातो ना. नकाशा संशयास्पद असेल तर नाव बदलून उपयोग नाही, लॅसिक नको तर स्माईल करू असं कुणी म्हणालं तर उठून या.

गोधडी
मी बाळंतपणानंतर पाचव्या महिन्यात गेले होते, अंगावर पाजत होते. परत पाठवलं. हार्मोनमुळे नंबर आणि डोळ्याचा ओलावा दोन्ही हलतात म्हणाले, पाजणं थांबून काही महिने होऊ दे. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉईनच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा, त्याने डोळे कोरडे पडतात. आणि संधिवात, ल्युपस, ताब्यात नसलेली साखर, कधी डोळ्याला नागीण झाली असेल तर, हे सगळं त्यांच्या फॉर्मवर होतं. मी फॉर्म भरताना कंटाळून सगळीकडे नाही नाही खूण करत होते, सिस्टरने पेन हातातून घेतलं आणि एकेक प्रश्न वाचून विचारला. त्या सिस्टरची आजही आठवण येते.

अर्धी_चाळिशी
वय ४३, नंबर -२.५. मी पण गेलो होतो हौसेने. डॉक्टर म्हणाले औषधाच्या पाकिटावरची तारीख वाचताना काय करता? म्हटलं चष्मा वर करतो आणि वाचतो. म्हणाले लेसर केल्यावर लांबचं चष्म्याशिवाय दिसेल, पण हे जवळचं जाईल, वाचायला चाळिशी लागेल. मग कॉन्टॅक्ट लेन्स घालून दोन दिवस घरी पाठवलं, की हेच तुमचं पुढचं आयुष्य, जगून बघा. मोबाईल हातभर लांब धरावा लागला, ताटातल्या माशाचा काटा दिसेना. मी सोन्याचं काम करतो, नथीत मोती ओवतो, चष्मा काढून डोळ्याजवळ धरून. ती माझी रोजीरोटी. नाही केलं. चाळिशीच्या आसपासच्या सगळ्यांनी ही लेन्सची चाचणी मागून घ्या.

सातूचं_पीठ
काय सुंदर डॉक्टर! हे माहीतच नव्हतं.

एकडोळस
आयडी वरून कळलं असेलच, माझा डावा डोळा लहानपणापासून आळशी आहे. चष्मा लावूनही त्याने वरच्या दोन ओळीच वाचता येतात. लेसरने त्याची नजर येईल या आशेने गेलो होतो. सांगितलं ते लिहितो: चष्मा लावूनही जे दिसत नाही ते लेसरने दिसणार नाही. आणि उजवा एकच चांगला आहे म्हणून त्यालाही हात लावायला ते तयार नव्हते, अगदी थोडा धोका असला तरी माझ्याकडे दुसरा डोळा नाही. वाईट वाटलं, पण खुर्ची जवळ ओढून अर्धा तास समजावलं. फी पण घेतली नाही.

वाळवंटातला_कोकणी
बाहेरून सुट्टीत येऊन करणाऱ्यांसाठी: तीन आठवड्यांच्या सुट्टीत बसवू नका. दोन आठवडे लेन्स बंद, मग तपासणी, मग ऑपरेशन, मग दुसऱ्या दिवशी, आठवड्याने, महिन्याने दाखवायचं. मी पाचव्या दिवशी विमानात बसलो, आणि त्रास सुरू झाला तेव्हा ज्यांनी केलं ते दीड हजार किलोमीटरवर. सण पण बघा. रंगपंचमी आणि विसर्जनाचा गुलाल महिनाभर तरी लांब हवा.

तिसरी_घंटा
अजून एक, फाईल जपा. वडिलांनी वीस वर्षांपूर्वी लेसर केलं होतं, आता मोतीबिंदू निघाला तर डॉक्टर विचारतात आधीचा नंबर काय होता, बुबुळाची गोलाई किती होती. घासलेल्या काचेवर नेहमीचं गणित लावलं तर आत बसवायच्या लेन्सचा नंबर चुकू शकतो. कागद एकही सापडला नाही, शेवटी १९९८ चा जुना चष्मा माळ्यावर मिळाला, त्यावरून नंबर काढला. काचबिंदूसाठी डोळ्याचा दाब मोजतात तोही पातळ काचेमुळे कमी दाखवतो, त्यामुळे दरवेळी आपणहून सांगायचं की माझं लेसर झालंय.

नर्मदा_काकू
सगळ्यांचे आभार. काल मुलीला विचारलं, सातूचं पीठ ताई, तुम्ही सांगितलंत तसं. म्हणाली तिला चष्म्याचा त्रास नाही, नकाराचा होता. पडदा दाखवून आणणार आहोत, तेवढं मात्र या महिन्यातच. बाकीचं तिचं ती ठरवेल.

मीठभाकर
दोन महिन्यांनी येतेय. धागा परत वर काढल्याबद्दल माफी, पण तुम्हा सगळ्यांना सांगायलाच हवं.

तिसऱ्या एका डॉक्टरांकडे गेलो, भावाला घेऊन. माझे दोन्ही जुने नकाशे त्यांनी बाजूला ठेवले, नवीन काढला. डाव्या डोळ्यात संशय आहे, सुरुवात म्हणता येईल किंवा नाहीही, पण लेसर नाही. सहा महिन्यांनी परत. ॲलर्जीचे थेंब दिलेत आणि चोळायचं नाही, खाज आली तर गार पाण्याची पट्टी. मी रडले नाही यावेळी.

मग भावाला बसवलं. त्याचा नकाशा स्क्रीनवर आला आणि ताई, मला काही कळत नसताना कळलं. मधोमधच्या खाली लालभडक गोळा, दोन्ही डोळ्यांत, उजव्यात मोठा. केराटोकोनस. डॉक्टर म्हणाले अजून वर्षभर नुसते चष्मे बदलत राहिला असतात तर पुढे काच बदलायची वेळ आली असती कदाचित. उजव्या डोळ्याचं सी-थ्री-आर गेल्या आठवड्यात झालं. पिवळे थेंब, रायबोफ्लेविनचे, अर्धा तास घालत राहिले आणि मग अतिनील दिवा. काच घट्ट होते म्हणे, आहे तिथे थांबावी म्हणून करतात, नंबर जायला नाही. तीन दिवस दुखलं त्याला खूप. डावा महिन्याने.

आई, जी म्हणत होती मशीन जुनं असेल, ती आता रात्री दोनदा उठून त्याच्या खोलीत जाते. झोपेत त्याचा हात डोळ्याकडे गेला की अलगद उचलून उशीवर ठेवते. परवा मी पाहिलं, अंधारात त्याच्या पलंगाच्या कडेला बसली होती, त्याचं मनगट दोन्ही हातांत धरून.

भिंगरी ताई, तुम्ही ती एक ओळ लिहिली नसती तर आम्ही त्याला नेलंच नसतं.

लिंबूसरबत
वाचून अंगावर काटा आला. भावाला लवकर बरं वाटू दे.

डोंगरवाट
आईंना नमस्कार सांगा.

भिंगरी_ऑप्टोम
दवाखान्यात बसून वाचलं, डोळे भरून आले. वेळेवर नेलंत. आता दोन गोष्टी लक्षात ठेवा. पुढचे नकाशे त्याच मशीनवर काढायचे, वेगवेगळ्या मशीनचे आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत, आणि प्रत्येक वेळी जुना शेजारी ठेवून बघायला सांगायचं. आणि रात्रीसाठी त्याला प्लास्टिकचं पारदर्शक डोळ्याचं कवच मिळतं, मोतीबिंदूनंतर देतात ते, मेडिकलमध्ये विचारा. चिकटपट्टी कपाळाला आणि गालाला लावायची, पापणीला नाही. आईंना झोप मिळेल.